पार्सिपनीतला एक टेबल

न्यूयॉर्क झालं, वॉशिंग्टन झालं, नायगाराही झाला. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय, त्यात मला भर घालायची नाही. लिहायचंय ते न्यू जर्सीतल्या पार्सिपनीबद्दल. तिथे माझी भाची राहते. तिच्या घरापासून थोड्या अंतरावर झाडीत गुस्टाव्ह स्टिकली या फर्निचर-कारखानदाराचं १९११ सालचं ओंडक्यांचं घर आहे. भाची रोज त्या रस्त्याने जाते, पण आत कधी गेली नव्हती. "मावशी, जुन्या खुर्च्यांत काय बघायचं?" असं म्हणत का होईना, ती आली.

कारखान्याच्या फर्निचरबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. भुशाच्या फळीवर लाकडाचं चित्र चिकटवलेली कपाटं मी घरात येऊ देत नाही. स्टिकलीच्या दिवाणखान्यात मात्र पाय अडखळला. कोरीव काम नाही, गोंडे नाहीत. जाड ओकच्या सरळ फळ्या, आणि आडव्या लाकडाचं कुसू उभ्या खांबातून आरपार बाहेर आलेलं, सांधा कसा केलाय ते उघड दिसेल असं. भिंतींचे ओंडके चेस्टनटचे, याच जमिनीवरचे. त्याच सुमारास एका बुरशीने अमेरिकेतली चेस्टनटची झाडं मरायला लागली होती. आज तसा ओंडका शोधूनही मिळणार नाही.

घर दाखवायला एक वयस्कर स्वयंसेवक होते. जन्मभर फर्निचर दुरुस्त केलेले. मी सांध्यापाशी रेंगाळलेली पाहून त्यांनी बॅटरी माझ्या हातात दिली आणि एका टेबलाकडे बोट केलं. "पायाच्या चारही बाजू बघा."

मी वाकून पाहिलं. ओकचा बुंधा गाभ्यापासून सालीच्या दिशेने चिरला की फळीवर चकचकीत रुपेरी पट्टे दिसतात. ते फक्त समोरासमोरच्या दोन बाजूंवर येतात, उरलेल्या दोन साध्या राहतात. इथे चारही बाजूंवर पट्टे होते.

"एका लाकडातून हे निघणार नाही," मी म्हटलं.

ते खूष झाले. कोपऱ्यावर प्रकाश धरून त्यांनी केसाएवढी रेघ दाखवली. आतला पाय भरीव ओकचा, पण दोन बाजूंवर पट्टेदार ओकचा पातळ पापुद्रा, म्हणजे विनियर, सरसाने चिकटवलेला. गुस्टाव्हचे भाऊ लिओपोल्ड आणि जॉन जॉर्ज यांचा कारखाना वेगळा होता. त्यांनी निराळी युक्ती काढली: चार तुकडे कडांना एकमेकांत अडकवायचे आणि प्रत्येकाची पट्टेदार बाजू बाहेर ठेवायची.

मला राहवलं नाही. १९०१ पासून 'द क्राफ्ट्समन' हे मासिक काढून प्रामाणिक बांधणीचा प्रचार करणाऱ्या माणसाने पायाला विनियर लावावं? स्वयंसेवकांनी शांतपणे सांगितलं, "तो कारखाना होता. यंत्रं त्याने कधी लपवली नाहीत. कापणं, रंधणं यंत्राने करायचं आणि माणसाचे हात जिथे खरे लागतात तिथे वापरायचे, असं त्याचं म्हणणं." पटलं, पण अर्धंच. भावांच्या टेबलाचा पाय मला अजूनही जास्त सच्चा वाटतो आणि तसं मी त्यांना सांगितलं.

मग ते दुरुस्तीवर आले. हिवाळ्यात घर गरम ठेवतात, हवा कोरडी पडते, लाकूड आखडतं आणि विनियरची कड सुटते. ती पुन्हा सरसानेच बसवायची, कारण सरस ऊब आणि ओलावा दिला की सुटतो. पन्नास वर्षांनी येणाऱ्या कारागिराला काम उलगडता येतं. रंगाची गोष्ट याहून नाजूक. स्टिकली ओक बंद खोलीत अमोनियाच्या वाफेत ठेवायचा. लाकडातल्या टॅनिनशी वाफेचा संयोग होऊन तपकिरी रंग लाकडातच उतरायचा. पॉलिश पेपर जोरात फिरवला की हा रंग कायमचा जातो. म्हणून आधी मऊ फडकं, मग हलकं मेण, आणि बहुतेक वेळा तिथेच थांबायचं.

१९१३ मध्ये स्टिकलीने न्यूयॉर्कमध्ये बारा मजली इमारत भाड्याने घेतली आणि १९१५ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. त्यानंतर कित्येक वर्षं लोकांना हे फर्निचर नकोसं झालं होतं. १९८८ मध्ये त्याच्या स्वतःच्या घरातलं एक साइडबोर्ड गायिका बार्बरा स्ट्रायसँडने लिलावात ३,६३,००० डॉलरला घेतलं. दुसऱ्याच वर्षी, या ओंडक्यांच्या घराच्या जागेवर नवी घरं उठायची वेळ आली असताना, गावाने ती ताब्यात घेतली. एखाद्या गावाने जुन्या कारखानदाराच्या घरासाठी एवढं करावं, याचा मला मनापासून हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी भाचीनेच मला जुन्या वस्तूंच्या एका दुकानात नेलं. तिथे स्टिकलीची म्हणून एक डोलखुर्ची होती. घासूनपुसून पिवळीधमक केलेली, वर जाड चकाकतं वॉर्निश. मालक अभिमानाने म्हणाला, "अगदी नव्यासारखी केलीय." भाची खाली वाकली, मोबाइलचा दिवा लावून तिने हातांच्या आणि पायांच्या आतल्या बाजू तपासल्या. स्टिकलीच्या लाल कंपासची खूण कुठेच नव्हती. असलीच तर रंगाबरोबर खरवडून गेली होती. मी किंमत विचारली नाही. रंग कशाने काढला, तेवढंच विचारलं. यंत्राने, तो म्हणाला, तासाभरात झालं.