चौपाटीसमोरचे कॉलेज

मैत्रिणींनो, गिरगाव चौपाटीवर गेल्यावर आपले लक्ष असते कुठे? एक डोळा मुलांवर, दुसरा भेळेच्या पुड्यावर, आणि उरलेच तर सूर्यास्ताकडे! पाठीमागे रस्त्यापलीकडे जी टोकदार कमानींची दगडी इमारत उभी आहे, तिच्याकडे कोण बघतंय? पुढच्या खेपेला जरा वळून बघा. ते विल्सन कॉलेज. इमारत १८८९ सालची. संस्था मात्र त्याहून कितीतरी जुनी, १८३२ ची. म्हणजे मुंबई विद्यापीठ निघायला अजून पंचवीस वर्षे होती!

जॉन विल्सन हे स्कॉटलंडचे मिशनरी. १८२९ मध्ये ते मुंबईला आले, तेव्हा बरोबर पत्नी होती, मार्गारेट. दोघे आधी कोकणात, हर्णै-बाणकोटकडे राहून मराठी शिकले. मराठी आली आणि मुंबईत परतल्यावर मार्गारेटबाईंनी काय केले असेल? मुलींच्या शाळा काढल्या. त्या काळी मुलगी शिकली तर विधवा होते, असे भल्याभल्या घरांतून मानत. अशा वेळी परक्या देशातली, परक्या धर्माची बाई दाराशी येऊन ‘तुमची लेक शाळेत पाठवा’ म्हणते! तुम्ही-आम्ही त्या घरात असतो तर काय उत्तर दिले असते, ते ज्याचे त्याने मनाशी ठरवावे. तरीही मुली आल्या. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा आपले मूळ याच बाईंच्या कामात सांगते. १८३५ मध्ये, येऊन जेमतेम सहा वर्षे होतात तोच, मार्गारेटबाई मुंबईतच वारल्या. मग त्यांच्या दोन बहिणी स्कॉटलंडहून आल्या आणि त्यांनी हे काम पुढे चालवले. कॉलेजवर नाव विल्सनसाहेबांचे आहे. मला मात्र तिथून जाताना आधी बाईंचीच आठवण होते.

मुलांची इंग्रजी शाळा निघाली ती गिरगावात, आंब्रोळीला. तिचेच पुढे कॉलेज झाले. पण हा प्रवास काही सुखाचा नव्हता. विल्सनसाहेब शिकवत आणि धर्मही सांगत. त्यात लपवाछपवी नव्हती. मोरभट दांडेकरांनी त्यांच्याशी जाहीर वाद घातला, पुस्तक लिहिले. साहेबांनीही उत्तराचे पुस्तक काढले. तो वाद शब्दांचा होता. १८३९ मध्ये मात्र धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी हे शाळेतले दोन पारशी तरुण ख्रिस्ती झाले आणि सगळी मुंबई हादरली. प्रकरण कोर्टात गेले. पारशी मंडळींनी आपली मुले धडाधड काढून घेतली.

चार वर्षांनी ही आग ब्राह्मणांच्या घरात शिरली. नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. वडील कोर्टात गेले, मुलगा परत मिळाला. पण घरी आणलेल्या पोराला जातीत घ्यायला सनातनी मंडळी तयार होईनात! त्याच्या आईचे काय झाले असेल हो? आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत ती कुठेच नाही. त्या पोराच्या बाजूने उभे राहिले ते ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर. प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्यावे म्हणून त्यांनी खटपट केली, आणि त्यासाठी लोकांचे बोलही खाल्ले. नारायण शेषाद्री पुढे पाद्री झाले, जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाचे गाव वसवले.

त्याच १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. विल्सनसाहेब नव्या फ्री चर्चबरोबर गेले, त्यामुळे इमारतीवर पाणी सोडून त्यांना संस्था नव्याने उभारावी लागली.

साहेब नुसते धर्मप्रचारक नव्हते, हेही सांगायला हवे. गिरनारच्या अशोकाच्या शिलालेखाची नक्कल त्यांच्यामार्फत प्रिन्सेपकडे गेली आणि ब्राह्मी लिपी उलगडायला मदत झाली. डेव्हिड लिव्हिंगस्टनने १८६४ मध्ये चुमा आणि वेकोटानी ही दोन आफ्रिकन मुले त्यांच्याच शाळेत ठेवली होती. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारल्यावर त्याचे शव जंगलातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत हाच चुमा होता. विल्सनसाहेब मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. ते १८७५ मध्ये गेले. समोरची इमारत त्यांनी पाहिलीच नाही.

आणि पोरे बाटतील म्हणून ज्या संस्थेची धास्ती घेतली, तिथून बाहेर कोण पडले? भारतरत्न पां. वा. काणे! दापोलीच्या मिशन शाळेत शिकून ते या कॉलेजात आले, १९०१ मध्ये बी. ए. झाले, आणि पुढे धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला. १९४२ मध्ये गुप्त रेडिओ चालवणाऱ्या उषा मेहता याच कॉलेजच्या पदवीधर.

जायचे तर चर्नी रोड स्टेशनवरून चालत जा. कॉलेज आहे, तेव्हा आत जायला परवानगी लागेल. पण इमारत रस्त्यापलीकडूनच चांगली दिसते. तिथून गावदेवीचे मणिभवन जवळ आहे. तेही त्याच दिवशी उरकून घ्या, आणि भेळ शेवटी, म्हणजे मुले कुरकुर न करता चालतात.