शाई एकदा, शाई दोनदा

अब्बांनी आयुष्यभर शब्द जमवले. मराठीत रुळलेले अरबी-फारसी शब्द, शेजारी त्यांचं उर्दू रूप आणि खाली बारीक अक्षरात टीप. अशा चार वह्या. त्यांच्या इंतकालानंतर मी सुट्ट्यांमध्ये बसून त्या टाइप केल्या, उर्दू आणि देवनागरी एकाच लांबलचक फाइलमध्ये. पुढे कुठे एखादा शब्द राहून गेलाय असं वाटलं की शेवटी माझी नोंद जोडत गेलो.

धाकटा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला सी भाषेत एक काम मिळालं: मेमरीच्या मोठ्या तुकड्यात लहान तुकडा शोधणारं फंक्शन स्वतः लिहा, आणि ते वेगवान हवं. लायब्ररीत ते 'मेममेम' या नावानं तयार असतं, पण ते वापरायचं नव्हतं. त्यात मोठ्या तुकड्याला गवताची गंजी म्हणतात आणि लहान तुकड्याला सुई. लिनक्सच्या जुन्या सी लायब्ररीत, ५.०.९ पर्यंत, या दोघांची जागाच उलटी होती. म्हणजे सुईत गंजी शोधायची! हे वाचून मला जरा धीर आला. चुका फक्त आमच्याच पोरांच्या वहीत नसतात तर.

चाचणीसाठी त्यानं दादाजानची फाइल घेतली. पहिली युक्ती सोपी होती. सुईचा पहिला बाइट 'मेमचर'नं शोधायचा, सापडला की पुढचं सगळं ताडून बघायचं. मेमचर फार चपळ असतं. एकेक बाइट न बघता ते आठ-आठ, नव्या प्रोसेसरवर सोळा किंवा बत्तीस बाइट एका घासात तपासतं. इंग्रजी मजकुरावर त्याचं फंक्शन धावलं. आमच्या फाइलवर मात्र रांगायला लागलं.

कारण त्यानं मला आकडे मांडून दाखवलं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-वेलांटीसुद्धा, तीन बाइटची असते आणि त्यातला पहिला बाइट कायम २२४. दुसरा १६४ किंवा १६५. वेगळेपण काय ते तिसऱ्यात. उर्दूचं अक्षर दोन बाइटचं, पहिला २१६ ते २१९ मधला. म्हणून 'किताब' उर्दूत ८ बाइटांत मावतं आणि देवनागरीत १५ घेतं. मी म्हटलं, "अरे, हे तर आमच्या वर्गासारखं झालं. हजेरीला नुसतं 'शेख' म्हटलं तर अर्धा वर्ग उभा राहतो." तो हसला, पण तेच खरं होतं. मेमचर दर अक्षराला थांबत होतं.

मग त्यानं पहिला बाइट सोडून तिसरा धरला. तो सापडला की दोन पावलं मागे येऊन ताडायचं. गंजीच्या टोकाशी हिशेब चुकला तर फंक्शन हद्दीबाहेरची मेमरी वाचतं. तिथे त्याची एक रात्र गेली. एकच अक्षर हजारदा आलेल्या मजकुरावर ही युक्तीही दम टाकते. त्यासाठी क्रोशेमोर आणि पेरँ यांची १९९१ ची 'टू-वे' पद्धत आहे. ती कितीही वाईट मजकुरावर वेळ हाताबाहेर जाऊ देत नाही आणि जादा मेमरीही मागत नाही, म्हणून मोठ्या लायब्ऱ्या तीच वापरतात. ती त्यानं लांब सुयांसाठी ठेवली. ती मला अर्धीच कळली.

वेग आला. मग तो माझ्याकडे चेहरा पाडून आला. "अब्बू, कुठेतरी बग आहे. उर्दूत 'सियाही' एकदाच सापडतं, आणि देवनागरीत 'शाई' दोनदा."

संध्याकाळभर तो कोड तपासत होता. कोडमध्ये काहीच नव्हतं. एक नोंद माझी, शेवटी जोडलेली. दुसरी अब्बांची, पहिल्या वहीतली. पहिल्या दोन वह्या मी जुन्या कॉम्प्युटरवर अरबी कीबोर्डनं टाइप केल्या होत्या. अरबी 'ये' म्हणजे २१७ आणि १३८, उर्दू 'ये' म्हणजे २१९ आणि १४०. शब्दाच्या मध्ये दोन्ही हुबेहूब सारख्या दिसतात. शेवटी अरबी येखाली दोन ठिपके येतात, उर्दूत येत नाहीत. मी उर्दूचा मास्तर, पण ते ठिपके मलाही दिसले नव्हते. फंक्शन बाइट ताडतं, अक्षर नाही, आणि त्यानं तसंच करावं.

म्हणजे मी शोधलं होतं, मिळालं नव्हतं, आणि अब्बांकडून राहिलं असं धरून स्वतःची नोंद लिहिली होती. किती शब्दांचं असं केलंय कोण जाणे. माझी नोंद होती एका ओळीची: फारसी 'सियाह', म्हणजे काळा.

"दादाजानची वाच ना," पोरगा म्हणाला. त्याला उर्दू अडखळत येते.

अब्बांनी लिहिलं होतं: सियाह म्हणजे काळा, तरी आमच्या शाळेत मास्तर लाल शाईनं तपासतात.

मी माझी नोंद खोडली. मग 'ये' असलेले बाकीचे शब्द काढायला बसलो. तो कोड बदलत होता, मी वह्या उघडत होतो.