झोळी

मंडळी, जंगलातल्या पोस्टिंगचा विषय निघाला की लोक सापांबद्दल विचारतात, अतिरेक्यांबद्दल विचारतात. तिथे झोपायचे कुठे, हे मात्र कोणी विचारत नाही. जंगलात राहिलेला फौजी सांगेल की अर्धी लढाई तिथेच असते.

नव्वदच्या दशकात आमची कंपनी कछार आणि मिझोरामच्या हद्दीवरच्या टेकड्यांत होती. मे ते सप्टेंबर नुसता पाऊस. ग्राउंडशीट अंथरली की मध्यरात्री तिच्याखालून पाणी वाहायचे. जळवा बुटात कधी शिरायच्या कळायचेही नाही. सकाळी मोजा लाल दिसायचा. पण जळू रक्त पिऊन गळून पडते, जीव घेत नाही. खरी भीती गवतातल्या चिगर माइटची. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा तो जीव, त्याच्या चावण्यातून स्क्रब टायफस होतो. चाव्याच्या जागी बिडीने डागल्यासारखी काळी खपली धरते, मग ताप चढतो.

पहिल्याच पावसाळ्यात आमच्या पार्टीतले दोघे तापाने पडले. एकाच्या काखेत ती खपली सापडली, गोळ्या सुरू झाल्या, तो दीड महिन्याने परत आला. दुसऱ्याची ट्रंक आम्ही त्याच्या गावी पाठवली.

हे दुखणे त्या मुलखात जुनेच. ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढलेल्या जनरल स्लिम यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की १९४३ साली एका जखमी सैनिकामागे १२० जण आजारी म्हणून मागे पाठवावे लागत होते. अमेरिकन फौजेने त्याच युद्धात आपल्या जवानांना मच्छरदाणी आणि छत शिवलेल्या झोळ्या दिल्या. आमच्याकडे तसले काही नव्हते. कंपनीचा दर्जी मात्र होता.

सिलचरच्या बाजारातून छत्रीला लावतात तसले नायलॉनचे कापड आणले. एका झोळीला तीन मीटर लांब, दीड मीटर रुंद. दोन्ही टोकांना परकराला असतो तसा नेफा, दुहेरी शिलाईचा. (नेफा म्हटले की जुन्या फौजींना आधी अरुणाचल आठवते, तो नेफा नव्हे!) नेफ्यातून दोरी ओवून कापडाच्या चुण्या गच्च आवळायच्या, की झोळी तयार. झाडाला थेट दोरी बांधायची नाही. ती सालीत रुतते आणि भार आला की सरकते. तिथे खाटेची नवार गुंडाळायची आणि दोरी नवारीत अडकवायची.

नवशिका झोळी ताणून बांधतो. त्याला वाटते, ताठ म्हणजे मजबूत. हिशेब उलटा आहे. दोरी आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन करत असेल, तर सत्तर किलोच्या माणसामागे प्रत्येक दोरीवर सत्तर किलोचाच ताण येतो. कोन दहा अंशांवर आणलात, तर तोच ताण दोनशे किलोंवर जातो. म्हणून झोळीला पोट हवे. झोपायचे तेही जरा तिरपे, म्हणजे पाठ सरळ राहते. वर पोंचोचे छत, त्याखाली मच्छरदाणी. दोरीला झोळीपासून वीतभर अंतरावर सुतळीचा तुकडा बांधला, की दोरीवरून ओघळणारे पाणी तिथेच ठिबकते. थंडी खालून लागते, कारण अंगाखाली कांबळे दबते आणि त्यातली हवा निघून जाते. पाठीखाली फोमची चटई हवीच. झाड निवडताना आधी वर बघायचे. वाळकी फांदी दिसली की पुढचे झाड. एकट्या बांबूवर तर भरवसा नकोच.

झोळीने सगळा धोका टळला असे नाही. गवतातून चालणे थोडेच चुकते? शिवाय अ‍ॅम्बुशवर किंवा गोळीबाराची शक्यता असेल तिथे झोळी बांधायची नाही. तिथे जमीनच आपली आई. झोळी मुक्कामाच्या तळावर, पहारा लावून, हत्यार हाताशी ठेवून.

पहिल्या संध्याकाळी जवान एकमेकांना झोके देत हसत होते. बीडकडचा एक शिपाई तेवढा गप्प होता. नोकरीला दोन वर्षे झालेला पोरगा. मी विचारले, "काय रे, पडशील म्हणून भ्यायलास का?"

म्हणाला, "नाही साहेब. मी झोळीतच वाढलोय. आई-बाप ऊस तोडायला जायचे. फडाच्या कडेला बाभळीला आई लुगड्याची झोळी बांधायची. खाली विंचू-काटा, म्हणून."

मग त्याने आमच्या गाठी पाहिल्या आणि मान हलवली. आम्ही निरगाठी मारल्या होत्या. भिजल्यावर त्या चाकूनेच कापाव्या लागल्या असत्या. त्याने दोरीचे तीन वेढे घातले, वर सुरगाठ मारली आणि तिच्या फासातून शेवट ओवून घेतला. भार वेढ्यांवर, आणि निघायच्या वेळी शेवट मागे काढून एक हिसका दिला की मोकळी. मोळी पाडायचा पुकारा झाला की त्याची आई हीच गाठ एका हाताने सोडायची. दुसऱ्या हातात पोर असायचे.

त्या दिवसापासून आमच्या पार्टीत शिरस्ता पडला. आपली झोळी आपण बांधायची, पण गाठ जोडीदाराने तपासायची, आणि पहिल्यांदा बसायचेही जोडीदारानेच. त्या पोराने तर पहिला आठवडाभर सगळ्यांच्या गाठी हात लावून पाहिल्या, मगच आडवा झाला. पुढच्या पावसाळ्यातही तापाने दोघे आजारी पडले. दोघेही हिंडते-फिरते परत आले.

सह्याद्रीत ट्रेकला जाणारी पोरे हल्ली तयार हॅमक विकत घेतात. खुशाल घ्या. फक्त गाठ दुसऱ्याला तपासू द्या, आणि त्याची तुम्ही तपासा.

जय हिंद.