उभ्या गाडीचा बेल्ट

उरुळी कांचन मागे टाकून यवतकडे निघालं की सोलापूर रस्त्यावर आमचं कासुर्डी लागतं. या रस्त्याच्या कडेला गाड्या उघडण्यात आणि बसवण्यात माझं आयुष्य गेलं. माझ्याकडे दोन तऱ्हेच्या गाड्या येतात. एक रात्रंदिवस पळणाऱ्या, म्हणजे टुरिस्टच्या, दुधाच्या, भाजीच्या, कंपनीतल्या पोरांची ने-आण करणाऱ्या. त्यांच्या मालकांना टायमिंग बेल्टची आठवण करून द्यावी लागत नाही. काटा जवळ आला की तेच विचारतात, "मिस्त्री, बेल्ट कधी टाकायचा?" दुसऱ्या गाड्या घरापुढच्या पत्र्याखाली उभ्या असतात. निवृत्त गुरुजींची मारुती ८००, बागायतदाराने थोरलीच्या लग्नाच्या वेळी हौसेनं घेतलेली सँट्रो, पोरगं पुण्याला नोकरीला गेल्यापासून वडिलांकडे राहिलेली इंडिका. आठवडी बाजाराला यवत, दवाखान्याला उरुळी, वर्षातून एखाददुसरी खेप जेजुरीला. वीस वर्षं झाली तरी काटा पन्नास हजारांच्या अलीकडेच. मला काळजी असते ती या दुसऱ्या गाड्यांची.

त्यांचे मालक गाडीला फार जपतात. सीटवरचं प्लॅस्टिक काढलेलं नसतं, दसऱ्याला हार असतो, ऑइल वेळेवर बदललेलं असतं. मी बेल्टचा विषय काढला की उत्तर ठरलेलं, "गाडी चाललीच कुठंय? रनिंग बघा की!" मी म्हणतो, रनिंग राहू द्या, बेल्ट कोणत्या साली टाकला ते सांगा. तिथे सगळे गप्प होतात. बहुतेकदा तो टाकलेलाच नसतो. कारखान्यातून गाडी ज्या बेल्टवर बाहेर पडली त्याच बेल्टवर ती अजून बाजाराला जात असते.

इंजिनात खाली क्रँक फिरतो आणि वर कॅम. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक व्हायला हवा, म्हणून खालच्या पुलीला जितके दात त्याच्या दुप्पट वरच्या पुलीला. पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह मिटलेले असले पाहिजेत, आणि ही वेळ सांभाळणारा दातेरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. तो ताणून धरणारी छोटी पुली म्हणजे टेन्शनर. ट्रॅक्टरमध्ये हेच काम लोखंडी गिअर करतात, बऱ्याच अलीकडच्या गाड्यांत चेन करते. पश्चिम जर्मनीतल्या ग्लास नावाच्या कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या छोट्या मोटारीत रबरी पट्टा वापरला, मग तो जगभर गेला. वजनाला हलका, आवाज नाही, तेल घालायला नको, खर्च कमी. आपल्याकडे १९८३ पासून २०१४ पर्यंत निघालेली मारुती ८०० याच बेल्टवर चालली. ओम्नी, जुनी झेन, एस्टीम, सँट्रो, डिझेल इंडिका, क्वालिस, जुनी इनोव्हा, सगळ्या बेल्टच्या. स्विफ्ट डिझेलला मात्र चेन. आय-टेनची तर गंमत अशी की १.१ लिटरच्या इंजिनाला बेल्ट आणि १.२ च्या कप्पा इंजिनाला चेन, बाहेरून गाडी तीच. म्हणून आधी आपल्या गाडीत काय आहे ते विचारून घ्या. चेन असेल तर वेळेवर चांगलं ऑइल बदला, हा लेख तुमच्यासाठी नाही.

बेल्टच्या आत काचेच्या तंतूंच्या दोऱ्या असतात, त्यावर रबर आणि दातांवर नायलॉनचं कापड. ताण दोऱ्या घेतात, झीज कापड सोसतं आणि या सगळ्यांना धरून ठेवतं ते रबर. रबराला किलोमीटर कळत नाहीत. ठिबकचा पाइप शेतात न अंथरता बांधावर उन्हात पडू दिला तर तो वापरला नाही म्हणून नवा राहत नाही, दोन-चार उन्हाळ्यांनी वाकवला की तडकतो. बेल्टचं तसंच आहे. आमचा दौंड तालुका पर्जन्यछायेतला, एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी गाठतो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. उष्णतेने रबर कडक होतं, हवेतला ओझोन त्याला चिरा पाडतो. गाडी पळो वा उभी राहो, हे काम चालूच असतं.

उभ्या गाडीचे आणखीही हाल असतात. महिनोन्महिने बेल्ट एकाच बाकात राहतो, खालच्या छोट्या पुलीभोवती तर फारच घट्ट बाक. क्रँकची आणि कॅमची ऑइल सीलसुद्धा रबराचीच. ती कडक झाली की तेल पाझरतं ते थेट बेल्टवर. तेलाने रबर फुगतं, दात मऊ पडतात. त्यात ऊसतोड झाली की रान मोकळं होतं आणि उंदीर घराकडे वळतात. वायरी कुरतडलेल्या तर सगळ्यांनी पाहिल्या असतील, पण टायमिंग कव्हरच्या आत चिपाड, कापूस आणि धान्याचं भूस साठलेलं मी पाहिलं आहे. बेल्ट आणि पुली यांच्यामध्ये असलं काही सापडलं की बेल्ट दात सोडतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गाड्या जागच्या जागी थांबल्या, त्यानंतर असे बरेच नमुने हाताखालून गेले.

एका गुरुजींच्या ८०० चा बेल्ट काढला तेव्हाचं सांगतो. बाहेरून तो चांगला दिसत होता. त्यांनीही वाकून पाहिला आणि म्हणाले, "अहो, हा तर अजून नवा आहे." मी तो त्यांच्या हातात दिला आणि पाठीवरून अंगठा फिरवायला सांगितलं. नव्या बेल्टची पाठ किंचित खरखरीत, मऊ लागते, नख रुततं. हा काचेसारखा गुळगुळीत, नख घसरत होतं. कडेला उजेडात धरला तर दोन ठिकाणी दोरीचे पांढरे धागे सुटलेले. दातांच्या बुडाशी कापड झिजून रबर उघडं पडलेलं, आणि एका दाताच्या मुळाशी बारीक चीर. ती सरळ धरल्यावर दिसत नव्हती, बेल्ट उलटा वाकवला तेव्हाच उघडली. बेल्टवर छापलेली अक्षरं पुसून गेली होती. गुरुजी बराच वेळ तो हातात घेऊन उभे होते. मग म्हणाले, "टेन्शनरपण बदला."

पूर्वीच्या बेल्टचं रबर निओप्रीनचं असायचं. म्हातारा झाला की भेगा स्वतःच सांगायच्या. आता एचएनबीआर नावाचं रबर वापरतात. ते जास्त टिकतं, उष्णता आणि तेल जास्त सोसतं, पण आतल्या दोऱ्या थकल्या तरी वरून भेगा दिसतीलच असं नाही. म्हणून "कव्हर उघडून नुसतं बघून सांगा" असं कोणी म्हणालं की मी नकार देतो. बघून बेल्ट वाईट आहे एवढंच सांगता येतं, चांगला आहे हे सांगता येत नाही.

दिव्यावरही विसंबू नका. क्वालिस आणि जुन्या इनोव्हाच्या डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा असतो. चांगली सोय आहे, पण तो दिवा फक्त किलोमीटर मोजतो. घरची गाडी तेवढी चाललीच नाही तर तो पेटणारच नाही. शिवाय तो बेल्ट न बदलताही विझवता येतो. जुनी गाडी घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. पंधरा वर्षं झाली की गाडी आरटीओत पुन्हा पासिंगला न्यावी लागते, आमच्या तालुक्याला बारामतीला. तिथे लाइट, ब्रेक, कागद, पीयूसी सगळं होतं. बेल्ट कधी बदलला हे तिथे कोणी विचारत नाही. पासिंग झालं म्हणजे इंजिन आतून तंदुरुस्त आहे असा समज करून मंडळी निर्धास्त होतात.

बेल्ट तुटला तर काय होतं, हे इंजिनावर आहे. काही जुन्या पेट्रोल इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात पुरेशी जागा असते. गाडी बंद पडते, टोचन करून आणायची, नवा बेल्ट टाकायचा, सुरू. डिझेलला ती सवड नाही. दाब जास्त हवा म्हणून पिस्टन पार वरपर्यंत येतो, आणि कॅम थांबला की उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. मग हेड उतरवा, लेथवाल्याकडे न्या, गाइड, व्हॉल्व्ह, गॅस्केट. ८०० चा बेल्ट टेन्शनर, सील आणि मजुरी धरून काही हजारांत बसतो. डिझेलचं हेड काम वीस-तीस हजारांच्या घरात जातं. जुन्या गाडीची किंमतच तेवढी असते, म्हणून कित्येक चांगल्या गाड्या तिथूनच भंगारात गेल्या. मला त्याचं फार वाईट वाटतं. बॉडी गंजलेली नाही, इंजिन धूर सोडत नाही, आणि एका पट्ट्यापायी गाडी तुटते.

दुसरं असं की या गाड्या लांब निघतात त्या नेमक्या घरच्यांच्या देवदर्शनाला. आषाढी झाली की पंढरपूर, नवरात्रात तुळजापूर, मध्येच अक्कलकोट. वर्षभर दहा-वीस किलोमीटर फिरलेली गाडी एकदम दोन-अडीचशे किलोमीटर उन्हातून, एसी लावून, माणसं भरून पळते. भिगवणच्या पुढे रात्री बेल्ट तुटला तर इंजिनात जागा आहे की नाही याने म्हाताऱ्या आईला काय फरक पडणार? ती रस्त्याच्या कडेलाच बसणार.

म्हणून माझा हिशेब सांगतो. गाडीच्या पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतील तर जे आधी येईल ते धरा, आणि कमी चाललेल्या गाडीला वर्षंच आधी येतात. पुस्तिका हरवली असेल तर डिझेलला पाच वर्षं, पेट्रोलला सहा. डिझेलमध्ये मी एक वर्षसुद्धा ताणत नाही. व्हॉल्व्ह सुरक्षित राहणारं पेट्रोल इंजिन असेल आणि गाडी गावाबाहेर जात नसेल तर सातव्या वर्षापर्यंत थांबलात तरी मी भांडणार नाही. आणि शेवटचा बेल्ट कधी पडला हे कोणालाच माहीत नसेल तर गाडीच्या वयाचाच बेल्ट आहे असं समजून लगेच बदला. दर दोन वर्षांनी बदला म्हणून घाबरवणाऱ्यांचंही ऐकू नका. तो पैशाचा नाश आहे, आणि चांगलं बसलेलं काम विनाकारण उघडणं मला पटत नाही.

काम सांगाल तेव्हा नुसता बेल्ट सांगू नका. टेन्शनरचं बेअरिंग, कॅम आणि क्रँकची सील, आणि पाझरत असेल तर वॉटर पंप. काही इंजिनांत पंप याच बेल्टवर फिरतो, काहींत बेल्ट काढल्याशिवाय त्याच्यापर्यंत हात पोचत नाही. इकडे बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतायची सवय आहे, त्यामुळे पंप आधीच खाल्लेले असतात. कूलंट वापरा. बेल्ट घेताना पाकिटावरची आणि बेल्टवर छापलेली तारीख बघा, दुकानात वर्षानुवर्षं पडलेला बेल्टही म्हाताराच. दुमडून, पीळ देऊन खिशात घातलेला बेल्ट मी बसवत नाही, कारण काचेच्या दोऱ्या एकदा मोडल्या की बाहेरून कळत नाही. बसवून झाल्यावर मिस्त्रीने सेल्फ मारायच्या आधी पान्याने क्रँकचे पूर्ण दोन फेरे हाताने फिरवून पुलींवरच्या खुणा पुन्हा जुळतात का ते पाहिलं पाहिजे. तेवढं तुमच्या डोळ्यांदेखत करायला सांगा. चांगला मिस्त्री रागावणार नाही.

काम झालं की टायमिंग कव्हरवर मार्करने तारीख आणि काट्याचा आकडा लिहून घ्या. आणि आज पत्र्याखाली गाडी उभी असेल तर बॉनेट उघडून बघा, अशी तारीख लिहिलेली आहे का. नसेल, तर तुळजापूरला निघण्याआधी ती गॅरेजला आणा.