नेपल्सची भाकरी

सहकुटुंब परदेशीं निघालेल्या शाकाहारी माणसास प्रेक्षणीय स्थळांची चिंता नसते; चिंता असते ती पानांत काय पडणार याची. आमचें घर सुलतानपूरचें, लोणारच्या प्रसिद्ध सरोवराच्या शेजारचें. उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही इटलींतील नेपल्स शहरीं गेलों, तेव्हां सासूबाई बरोबर होत्या. त्यांच्या नेमास बाध न आणतां त्या देशाचें खरें अन्न त्यांना जेवूं घालावें, अशी आमची इच्छा होती.

इटालियन जेवणांत मांस टाळणें सोपें. कठीण असतें तें चीज. पार्मिजानो हें तेथील नामांकित चीज करतांना दूध थिजविण्यासाठीं वासराच्या जठरांतील रेनेटच वापरावें, असा नियम आहे. पेकोरिनो रोमानोस कोकराचें रेनेट लागतें. म्हणजे 'मांस नको' एवढें सांगून भागत नाहीं.

एका जुन्या गल्लींतील भोजनगृहांत आम्हीं मालकास ही अडचण सांगितली. त्यानें तत्काळ उत्तर दिलें, "मारिनारा घ्या." मारिनारा म्हणजे खलाशांचा पिझ्झा, पण त्यांत मासळी नसते आणि चीजहि नसतें. मैदा, पाणी, मीठ व यीस्ट एवढ्यांचीच पोळी. वर टोमॅटो, लसूण, ओरेगानोचा सुवासिक पाला आणि ऑलिव्हचें तेल. लाकडाच्या भट्टींत दीड मिनिटांत ती फुगून, कडेस काळे डाग पडून बाहेर आली. याच कलेस २०१७ सालीं युनेस्कोनें मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें.

चातुर्मास नसल्यामुळें लसणाचा प्रश्न नव्हता. पहिला घास घेऊन सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही तर आपली भाकरी, ठेचा नि तेल!"

त्यांचें म्हणणें खरें होतें. ज्वारीची गरम भाकरी, लसणाचा ठेचा आणि वर कच्च्या तेलाची धार, हीच आमच्याकडील शेतकऱ्याची न्याहारी. दोन्ही गरिबांचीं अन्नें. आणि दोहोंची मातीहि एकाच कुळींची. व्हेसुव्हियसच्या परिसरांत सान मार्झानो टोमॅटो पिकतात ते ज्वालामुखीच्या राखेच्या भुईंत. आमची काळी जमीन झाली ती पुरातन लाव्ह्याच्या खडकापासून. त्या पर्वताचा शेवटचा उद्रेक १९४४ सालीं झाला. आमचा लाव्हा मात्र कोट्यवधि वर्षांपूर्वीं निवाला. टोमॅटो तर दोघांकडेहि अमेरिकेंतून आलेला पाहुणा!

परदेशीं जाणाऱ्या भगिनींनीं फराळाचे डबे अवश्य न्यावेत; परंतु तेथील गरिबांचें रोजचें अन्न कोणतें, हेंहि विचारावें आणि आपला नेम निःसंकोचपणें सांगावा. नेम सांगितल्यानें पान रिकामें राहत नाहीं. उलट यजमानाच्या घरचें सर्वांत साधें आणि बहुधा सर्वांत जुनें अन्न आपल्या वाट्यास येतें.