पडाव, टेंडर आणि आईचे गुडघे

क्रूझच्या जाहिराती कधी नीट बघितल्यात? स्विमिंग पूल दिसतो, बुफे दिसतो, डेकवर हातात ग्लास घेतलेलं जोडपं दिसतं. पुढच्या फ्रेममध्ये तेच जोडपं एखाद्या पांढऱ्याशुभ्र गावातल्या गल्लीत हातात हात घालून फिरत असतं. मधली फ्रेम गायब! ही मंडळी जहाजावरून गावात पोचली कशी, हे कुणीच दाखवत नाही. कारण ती मधली फ्रेम जराही ग्लॅमरस नाही. त्यात असते डिझेलच्या वासाची एक बोट, बाकड्यांवर खेटून बसलेली शंभरेक माणसं आणि सतत वरखाली होणारा समुद्र. या बोटीला म्हणतात टेंडर.

फंडा सोपा आहे. लहान बंदरांत मोठ्या जहाजाला टेकता येईल असा धक्का नसतो. कुठे पाणी उथळ, कुठे जागा अरुंद, कुठे बंदर कड्याच्या पायथ्याला चिकटलेलं. मग जहाज लांब उभं राहतं आणि माणसांना छोट्या बोटींतून काठाला सोडतं. बऱ्याच ठिकाणी या बोटी म्हणजे जहाजाच्या कडेला टांगलेल्या लाइफबोटीच असतात. कार्यक्रमपत्रिकेत बंदराच्या नावापुढे बारीक अक्षरांत ‘टेंडर पोर्ट’ असं लिहिलेलं असतं. बुकिंग करताना आपण बाल्कनी मिळतेय का ते बघतो, हे दोन शब्द कोण वाचतं? मी वाचले होते. कारण माझ्याबरोबर आई होती.

आईचं वय त्र्याहत्तर. दोन्ही गुडघे कुरकुरणारे आणि ऑपरेशनला ठाम नकार. बाबा गेल्यानंतरची ही तिची पहिलीच ट्रिप. सप्टेंबर २०२५ मध्ये आम्ही दोघी अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून चार रात्रींच्या क्रूझवर निघालो ते फक्त एका दिवसासाठी, सॅंटोरिनीसाठी. बाबांच्या टेबलावर एक जुनं कॅलेंडर होतं. त्यात सॅंटोरिनीचं पान होतं, निळे घुमट आणि खाली निळा समुद्र. तो महिना संपला, वर्ष संपलं, बाबांनी पान काही उलटलं नाही. ‘रिटायर झालो की जाऊ,’ म्हणायचे. रिटायर झाल्यावर आधी त्यांची बायपास झाली, मग माझं लग्न, मग करोना. मग राहूनच गेलं.

आता सॅंटोरिनीची गंमत ऐका. हे बेट म्हणजे एका ज्वालामुखीची उरलेली कड. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी प्रचंड उद्रेक झाला, मधला भाग खचला आणि तिथे समुद्र शिरला. त्यामुळे गावं वर कड्याच्या काठावर आणि जहाजं खाली खळग्यात. हा खळगा तीनशे मीटरहून जास्त खोल आहे. एवढ्या खोलात नांगर टाकणं कठीण, म्हणून बहुतेक मोठी जहाजं इंजिनाच्या जोरावर एका जागी तरंगत राहतात. माणसांना न्यायला फिरा गावाच्या खालच्या जुन्या बंदरातून स्थानिक नावाड्यांच्या लाँच येतात. आणि बंदरात पाय ठेवला म्हणजे पोचलात असंही नाही. वर जायला तीन रस्ते. रोपवे, नाहीतर खेचर, नाहीतर ५८८ पायऱ्या.

आदल्या रात्री केबिनच्या दाराखालून एक कागद सरकवला गेला. टेंडरमध्ये चढता-उतरताना प्रवाशाला स्वतःच्या पायांनी पायऱ्या उतरता आल्या पाहिजेत, बोट आणि फळी यांच्यातलं फूट-दीड फुटाचं अंतर ओलांडता आलं पाहिजे. कर्मचारी हाताला धरतील, उचलून नेणार नाहीत. समुद्र खवळला तर कॅप्टन टेंडर रद्द करू शकतो. शेवटची बोट साडेपाचला. कागद वाचून माझ्या पोटात गोळा. तेवढ्यात पुण्याहून दादाचा फोन. ‘आईला खाली उतरवू नकोस. परदेशात हाड मोडलं तर काय करशील? तिला डेकवरून दाखव की बेट. दिसतंच ना?’

दिसतंच ना! दादाचं लॉजिक एकदम करेक्ट होतं. त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. मी आईकडे बघितलं. ती औषधाच्या डबीत उद्याच्या गोळ्या भरत होती. मान वर न करता म्हणाली, ‘त्याला सांग, मी पडावातून उतरलेली आहे.’

पडाव? हा शब्द मी शेवटचा आजोळी ऐकला होता. तुमच्यापैकी कोकणातल्या मंडळींच्या आजी-आजोबांना विचारा, ते सांगतील. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये. त्याच्या खूप आधी, रस्तेही धड नव्हते तेव्हा, मुंबईचा चाकरमानी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने गावी जायचा. पावसाळ्यात बोटी बंद. बाकीच्या दिवसांत आगबोट एकेक बंदर घेत दक्षिणेला जायची, पण प्रत्येक ठिकाणी ती काठाला लागायची नाही. मालवणसारख्या बंदरात ती बाहेर उभी राहायची आणि गावातून मोठ्या होड्या यायच्या, तेच पडाव. त्यांत ट्रंका, वळकट्या, पोरंबाळं, म्हाताऱ्या, सगळं उतरवायचं. आई साठच्या दशकात सात-आठ वर्षांची असताना अशी उतरली होती. म्हणजे आमच्या घरातली टेंडरची एक्स्पर्ट माझ्यासमोर गोळ्या मोजत बसली होती आणि मी गूगलवर व्हिडिओ बघत होते!

आता हे सगळं रोमॅंटिक वगैरे नव्हतं, हेही सांगते. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आईच्या लहानपणीही घरातली मोठी माणसं ही गोष्ट हळू आवाजात सांगायची. सॅंटोरिनीचं पाणीही निष्पाप नाही. एप्रिल २००७ मध्ये ‘सी डायमंड’ नावाचं क्रूझ जहाज इथेच खडकाला लागून बुडालं. दीड हजाराच्या आसपास लोक वाचले, त्यांना काढायला बेटावरच्या बोटी धावल्या होत्या, पण दोन प्रवासी कधीच सापडले नाहीत. तेव्हा दादाची भीती काही फालतू नव्हती.

सकाळी नंबरप्रमाणे बोलावणं आलं. आधी जहाजाच्या सहलीवाले. त्यांना अथिनिओस नावाच्या दुसऱ्या धक्क्याला सोडतात, तिथून बस वर जाते. मग आमच्यासारखे आपापले फिरणारे. लिफ्टने अगदी खालच्या मजल्यावर गेलो. जहाजाच्या पोटातलं एक लोखंडी दार उघडलेलं, समोर फळी आणि फळीपुढे लाँच. विरार लोकल आणि प्लॅटफॉर्म यांच्यातलं अंतर आठवा. आता प्लॅटफॉर्म जागेवर आहे आणि लोकल दर चार सेकंदांनी गुडघाभर वर येतेय आणि खाली जातेय, अशी कल्पना करा. झालं, हेच टेंडर.

दारातल्या ऑफिसरने आईकडे बघितलं, तिच्या काठीकडे बघितलं आणि मला विचारलं, ‘या येणारेत?’ मी तोंड उघडायच्या आत आईने काठी त्याच्या हातात दिली. जसा काही तो तिचा भाचा! मग ती फळीच्या कडेला उभी राहिली. एक लाट गेली, दुसरी गेली. मागे रांग खोळंबली. माझ्या छातीत धडधड. आई मात्र लाँचच्या कडेकडे बघत होती, खाली पाण्याकडे नाही. आणि इतक्या वर्षांत कधी फारसं न ऐकलेलं तिचं मालवणी बाहेर आलं. ‘गो, होडी वर येता तेव्वा पाय टाकूचो. खाली जाता तेव्वा नाय.’ लाँच वर आली, फळीला समांतर झाली आणि आई सहज पलीकडे. गुडघ्याला वाकावंही लागलं नाही. मग माझी पाळी. मी खाली जाणाऱ्या बोटीवर पाय टाकणार तोच पलीकडून आवाज, ‘थांब!’ थांबले. पुढच्या लाटेला गेले.

हा माझा टेंडरचा पहिला आणि शेवटचा कोचिंग क्लास. तुम्हाला फुकटात देतेय. दोन्ही हात मोकळे ठेवा, सॅक पाठीवर, मोबाइल खिशात. खलाशाचा हात मनगटापाशी धरा, बोटं धरू नका. आणि उडी मारू नका. बोट तुमच्या पातळीला येते, तिला येऊ द्या.

खाली बंदरात उतरल्यावर खेचरांचा वास आला. २०१८ मध्ये ग्रीस सरकारने नियम केला की या जनावरांवर शंभर किलोहून किंवा त्यांच्या वजनाच्या पाचव्या भागाहून जास्त ओझं घालायचं नाही. आईने त्या पायऱ्यांवरच्या खेचरांकडे बघून ‘बिचारी’ म्हटलं आणि विषय संपवला. आम्ही १९७९ पासून चालू असलेला रोपवे घेतला. काही मिनिटांत दोनशे मीटरहून जास्त वर. कानांत दडे बसले, आई हसायला लागली.

वर काय केलं? खरं सांगू, फार काही नाही. कॅलेंडरवरचे ते निळे घुमट ओइया गावात आहेत, फिरापासून दहा-अकरा किलोमीटरवर. बसची रांग बघूनच आईने हात जोडले. मग कड्याच्या काठाशी एका कॅफेत सावलीची खुर्ची पकडली. खाली चार जहाजं खेळण्यांएवढी आणि त्यांच्यामधून पांढऱ्या रेघा काढत जाणाऱ्या लाँच. आई घुमट सोडून त्या लाँच बघत बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘ह्यांना हे जमलं नसतं. देशावरचे ते, बोट लागायची त्यांना. जहाजावरच बसून राहिले असते आणि मला म्हणाले असते, तू जाऊन ये.’ मग कॉफीचा कप खाली ठेवला. ‘म्हणून आले जाऊन.’

मी गॉगल लावला. ऊन फार होतं.

सव्वातीनला मी तिला उठवलं. कारण सगळा खेळ परतीचा असतो. ऑफिसमधली सकाळी साडेनऊची लिफ्टची रांग आठवा. जहाजं दिवसभर माणसं वर पाठवत राहतात, संध्याकाळी सगळ्यांना एकदमच खाली जायचं असतं आणि रोपवेच्या डब्या तेवढ्याच. गर्दी इतकी वाढली की २०२५ पासून बेटाने क्रूझच्या प्रवाशांना दिवसाला आठ हजारांची मर्यादा घातली आणि त्याच वर्षी जुलैपासून गर्दीच्या मोसमात माणशी वीस युरोचा कर सुरू झाला. तरीही आमच्या पुढे रांग वळणावळणाने गल्लीत गेलेली. शेवटची बोट साडेपाचला. जहाजाच्या स्वतःच्या सहलीवाल्यांसाठी जहाज थांबतं, आपापल्या फिरणाऱ्यांसाठी थांबत नाही. पायऱ्या उतरणं आईला शक्य नव्हतं. म्हणजे दुसरा रस्ताच नाही.

अर्ध्या तासात आईचे पाय थरथरायला लागले. शेजारच्या दुकानातल्या बाईने बघितलं, काही न बोलता प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली. मग आमची वरात सुरू. रांग दहा पावलं सरकली की आई उठायची, मी खुर्ची पुढे ठेवायची, आई बसायची. मागचा एक पोरगा तिसऱ्या वेळेपासून खुर्ची स्वतःच उचलायला लागला. गेटपाशी पोचलो तेव्हा तोच ती खुर्ची परत द्यायला धावत गेला. त्याची भाषा मला कळत नव्हती, पण पुढच्या लोकांनी त्याची जागा धरून ठेवली होती. पावणेपाचला आम्ही खाली धक्क्यावर. पाच वाजून दहा मिनिटांनी जहाजाच्या दारात. ऑफिसर तोच. या वेळी त्याने न विचारता हात पुढे केला आणि आईने न विचारता काठी दिली.

रात्री दादाला फोन लावून दिला. आईने त्याला रांग सांगितली, खुर्ची सांगितली, खेचरं सांगितली. शेवटी म्हणाली, ‘मुंबईला आल्यावर त्या गुडघ्याच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घे रे. ओइया राहिलंय.’

डिसेंबरमध्ये एक गुडघा झाला. दुसऱ्याची तारीख ठरलीय. फिजिओथेरपिस्ट तिला पायरी कशी चढायची ते शिकवत असतो आणि ती त्याला पडावातून कसं उतरायचं ते.