उचलीची चिठ्ठी

टॉवेलच्या मागावर त्याची उमेदीची वर्षं गेली, तरी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तो कामाला होता असं सांगणारा एक कागद त्याच्याकडं नव्हता. पगार आठवड्याचा, रोख, जेवढा माल निघेल तेवढा. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली आणि सोलापुरातले माग थांबले. पुढं मालकानं निम्मेच माग चालू केले. त्यात याचा नंबर लागला नाही.

त्याच्यावर दरमहा ६ हजारांच्या पोटगीचा हुकूम होता. ३ हजार बायकोला, ३ हजार मुलीला.

"कामच नाय तर पोटगी कुठनं भरू ओ साहेब? सगळं बंद हाय, हे कोर्टाला दिसतंयच की," असं त्याचं म्हणणं. पण कोर्टाला आपोआप काही दिसत नसतं. हुकूम बदलून घेतला नाही, तर थकबाकी महिन्यागणिक चढत जाते. वसुलीचं वॉरंट निघालं तेव्हा कुठं तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पोचला, आणि मोफत वकिलांच्या यादीतून त्याचं प्रकरण माझ्याकडं आलं. एका महिन्याच्या थकबाकीला एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली तरी पैसे फिटत नाहीत, हे ऐकल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२७ खाली गेला. परिस्थिती बदलल्याचा पुरावा दिला, तर पोटगी कमी-जास्त करता येते, असं ते कलम सांगतं. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून दिल्लीपर्यंत गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल दिला. तेव्हापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्च शपथपत्रावर मांडावे लागतात. पगारदार माणसाला हे जमतं. याच्याकडं नोकरी असल्याचाच कागद नाही, मग ती गेल्याचा कुठून आणायचा?

मालक लिहून द्यायला तयार नव्हता. कामगार म्हणून नाव लिहिलं की भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न आलाच, आणि तो वाद यंत्रमागवाल्यांना नवा नाही. शेवटी घरच्या पत्र्याच्या पेटीत एक चिठ्ठी सापडली. दिवाळीच्या आधी घेतलेली उचल, दर आठवड्याला कापायची रक्कम, खाली मालकाची सही. कर्जाच्या त्या कागदानं त्याची नोकरी सिद्ध केली. ती सुटल्याचं कारखान्यातल्या जॉबरनं साक्षीत सांगितलं.

काम सुटल्यावर तो भाजीची गाडी लावत होता. उलटतपासणीत बायकोच्या वकिलांनी नेमकं विचारलं, "भाजीच्या गाडीवर रोज किती सुटतात?" त्यानं खरं सांगितलं: अडीचशे, कधी तीनशे. काहीच मिळत नाही म्हणाला असता, तर अर्ज तिथंच बुडाला असता असं मला वाटतं. धडधाकट माणसानं अंगमेहनत करून का होईना, बायकोमुलांना पोसलंच पाहिजे, अशीच न्यायालयांची भूमिका आहे.

बायकोचं शपथपत्र वाचताना मात्र आमच्या बाजूचा जोर थोडा ओसरला. ती विड्या वळते. टाळेबंदीत पान-तंबाखू मिळणं थांबलं, म्हणजे तिचीही मजुरी गेली. त्यात शाळा मोबाइलवर आलेली. खर्चाच्या यादीत हप्त्यावर घेतलेला मोबाइल आणि महिन्याचा रिचार्ज होता. नवऱ्याचं उत्पन्न घटलं म्हणून मुलीचा खर्च घटला नव्हता.

न्यायाधीशांनी मुलीच्या ३ हजारांना हात लावला नाही. बायकोचे ३ हजार २ हजारांवर आणले, तेही अर्जाच्या तारखेपासून. त्याआधीची थकबाकी पूर्ण भरायची होती; तिचे हप्ते पाडून मिळाले. टाळेबंदी लागल्या लागल्या अर्ज केला असता, तर तेवढ्या सगळ्या महिन्यांचे हजार-हजार रुपये वाचले असते.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. आता असा अर्ज तिच्या कलम १४६ खाली होतो. त्याला पुन्हा मागावर काम मिळालंय, पगारही बरा आहे. मुलगी अकरावीला गेली, आणि पोटगी वाढवून मागणारा अर्ज या वेळी बायकोनं टाकलाय. त्याच्या मोबाइलवर मालकाकडून पगार जमा झाल्याचे मेसेज येतात. तिच्या वकिलांनी बँकेचा उतारा मागवला आहे.